शरभ, शर्जा आणि शहामृग

रायगडावर नगारखान्याच्या दरवाजावर एक प्राणी कोरलेला आहे. अंग सिंहासारखे, पण त्याने पकडलेत ते हत्ती. समुद्रातल्या जंजिरा किल्ल्याच्या मुख्य दरवाजावरही असेच एक जनावर आहे आणि त्याच्या पंजांतही हत्तीच आहेत. रायगड ही छत्रपती शिवाजी महाराजांची राजधानी, जंजिरा सिद्दींचा. या दोन सत्तांचे वैर सर्वांना ठाऊक आहे. महाराजांना आणि त्यांच्यानंतर संभाजी महाराजांनाही जंजिरा घेता आला नाही. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या या दोघांनी आपापल्या दारात एकच प्राणी बसवला.

रायगडावर गेलात तर सांगणारे सांगतात की हे हत्ती म्हणजे दख्खनच्या शाह्या. जंजिऱ्यावर सांगतात की हे हत्ती म्हणजे सिद्दींचे शत्रू. प्राणी तोच, हत्ती तेच, फक्त कोण कोणाच्या पंजात हे बदलते. मराठीत किल्ल्यांचे अभ्यासक या प्राण्याला 'शरभ' म्हणतात. संस्कृत ग्रंथांतला शरभ सिंहाहून बलवान. कुठे तो आठ पायांचा आहे, कुठे सिंह आणि पक्षी यांचा मेळ आहे. नरसिंहाचा क्रोध शांत करण्यासाठी शिवाने शरभाचे रूप घेतले, अशी कथा आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारा शाळेचा शिक्षक आहे. पण या प्राण्याबद्दल मला दोन प्रश्न पडतात. असा प्राणी खरोखर जगू शकला असता का? आणि तो नेमका कोणाचा? पहिला प्रश्न पोरकट वाटेल. पण त्याचे उत्तर शोधताना दुसऱ्याचेही सापडते, असा माझा अनुभव आहे.

आधी पहिला प्रश्न. गीरचा पूर्ण वाढलेला नर सिंह साधारण 160 ते 190 किलोंचा असतो. आपल्याकडच्या मोठ्या हत्तीचे वजन तीन ते पाच टन, म्हणजे एका हत्तीत वीसेक सिंह सहज बसतील. हत्ती पंजाखाली दाबायचा तर हा सिंह निदान दहापट मोठा हवा. इथे निसर्गाचा हिशोब आडवा येतो. लांबी दहापट झाली की रुंदी आणि उंचीही दहापट होते, आणि वजन दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे हजारपट वाढते. पायाच्या हाडाची जाडी मात्र आडव्या छेदात मोजायची असते, ती शंभरपटच वाढते. म्हणजे हाडाच्या प्रत्येक बोटभर जागेवर आधीपेक्षा दहापट ओझे. आपला सिंह पावणेदोनशे टनांचा होईल आणि पहिल्याच पावलाला त्याची हाडे मोडतील. आजवरचा सर्वांत जड प्राणी, निळा देवमासा, साधारण याच वजनापर्यंत पोचतो, पण त्याला पाणी तोलून धरते.

हा हिशोब गॅलिलिओने 1638 साली छापलेल्या पुस्तकात मांडला. छोट्या प्राण्याचे हाड आणि तेच काम करणारे राक्षसी प्राण्याचे हाड यांचे चित्रच त्याने दिले. मोठे हाड नुसते लांब नाही, बेढब जाड आहे. त्या सुमारास शहाजीराजे विजापूरच्या आदिलशाहीत सरदार होते. आपल्याकडचे पाथरवट गॅलिलिओ वाचत नव्हते. पण ओझे कोणाच्या पाठीवर द्यायचे हे त्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. आमच्या कुरुंदवाडजवळ, शिरोळ तालुक्यातच, खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आहे, शिलाहारांच्या काळातले. त्याच्या पायथ्याशी हत्तींची रांग आहे, जणू सगळे मंदिर त्यांच्याच पाठीवर उभे आहे. तिथे सिंह चालला नसता. खांबासारखे सरळ, जाड पाय हत्तीचेच असतात, कारण वजन पेलायला तसेच पाय लागतात. सिंहाचे वाकलेले, उडी घेणारे पाय त्या वजनाला पुरत नाहीत. म्हणजे हत्तींना पायाखाली घेणारा सिंह खरोखर असता, तर त्याचे पाय हत्तीसारखे झाले असते, मान आखूड झाली असती आणि चाल संथ. तो हत्तीसारखाच दिसला असता.

पंखांची गोष्ट याहून अवघड. पाठीचा कणा असलेल्या ज्या प्राण्यांना हातपाय आहेत, त्यांना ते चारच आहेत. पक्ष्याचे पंख म्हणजे त्याचे पुढचे दोन पायच. वटवाघळाचेही तसेच. चार पाय ठेवून वर दोन पंख, असा एकही प्राणी या घराण्यात झालेला नाही. शिवाय पंख हलवायला छातीचे मोठे स्नायू लागतात आणि ते धरायला छातीच्या हाडाला मध्ये उभी धार लागते. कोंबडी सोलताना मध्ये लागते ती हीच धार. उडणाऱ्या पक्ष्यांतले सर्वांत जड पक्षीसुद्धा पंधरा-वीस किलोंच्या पुढे फारसे जात नाहीत. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे आपल्याला माहीत असलेला माळढोक त्यांपैकीच एक. शंभर किलोंच्या वर गेलेला शहामृग जमिनीवरच राहिला आणि त्याच्या छातीच्या हाडाला ती धारही नाही.

इथे माझ्या मुस्लिम वाचकांच्या मनात बुराक आला असेल. माझ्याही आला. मेराज हा श्रद्धेचा विषय आहे, त्याला मी स्नायूंचे गणित लावत नाही. पण श्रद्धा आणि चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हदीसमध्ये बुराकचे वर्णन अगदी थोडक्यात आहे: पांढरे जनावर, गाढवाहून मोठे आणि खेचराहून लहान. त्या वर्णनात बाईचा चेहरा नाही, मोरपिसारा नाही. मुकुट, चेहरा, रंगीत पंख हे सगळे नंतर चित्रकारांनी घातले, आणि आपल्या जुन्या घरांतल्या काचेच्या फ्रेममधून ते आपल्यापर्यंत आले. दख्खनच्या चित्रकारांनी तर अशी चित्रेही काढली आहेत, ज्यांत घोड्याचे किंवा हत्तीचे सगळे अंग दुसऱ्याच प्राण्यांनी आणि माणसांनी भरलेले असते.

मग माणसाने दोन प्राणी जोडायची कल्पना आणली कुठून? निसर्गातूनच. घोडा आणि गाढव यांचे खेचर होते. पण खेचर वांझ असते. घोड्याच्या पेशीत 64 गुणसूत्रे, गाढवाच्या 62, खेचराच्या वाट्याला 63 येतात. पुढची पिढी घडवताना त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत. एका वशिंडाचा आणि दोन वशिंडांचा उंट यांचा संकर मात्र दांडगा निघतो आणि त्याला पिल्लेही होतात, कारण दोघे जवळचे नातेवाईक. आपल्या गोठ्यातली संकरित गाय वर्षाला वेते, कारण तिचे आईबाप दोन्ही गाई-बैलच. आमच्या भागात 'हायब्रीड' हा शब्द जुन्या लोकांसाठी एका ज्वारीचेच नाव आहे. पहिली संकरित ज्वारी 1964 साली आली आणि लोक तिच्या भाकरीला 'हायब्रीडची भाकरी' म्हणू लागले. तात्पर्य एवढेच की निसर्गात संकर होतो, पण जवळच्यांत होतो. सिंह आणि गरुड, उंट आणि बिबट्या यांच्यात होत नाही.

हे ज्याने फार पूर्वी ओळखले, तो माणूस आपल्या मदरशांत आणि शाळांत आज जवळपास अनोळखी आहे. त्याचे नाव अल-जाहिझ. नवव्या शतकात बसऱ्यात होऊन गेला, अरबी गद्याचा उस्ताद. त्याचे 'किताबुल हयवान' हे प्राण्यांवरचे पुस्तक सात भागांचे आहे. त्याच्या काळात जिराफाबद्दल एक समजूत होती. फारसीत जिराफाला 'उश्तुर-गाव-पलंग' म्हणत. उश्तुर म्हणजे उंट, गाव म्हणजे गाय, पलंग म्हणजे बिबट्या. नावात तीन जनावरे, म्हणून लोक म्हणू लागले की जिराफ त्या वेगवेगळ्या जनावरांच्या संबंधातूनच जन्मतो. ग्रीकांनीही त्याला उंट-बिबट्या असेच नाव दिले होते.

जाहिझने हे मानले नाही. त्याचा युक्तिवाद मला फार आवडतो, कारण तो भाषेच्या शिक्षकाचा युक्तिवाद आहे. तो शहामृगाचे उदाहरण देतो. फारसीत शहामृगाला 'उश्तुर-मुर्ग', म्हणजे उंट-पक्षी म्हणतात. पाय आणि मान उंटासारखी, पंख पक्ष्यासारखे. म्हणून काय तो उंट आणि पक्षी यांच्या पोटी जन्मला? लोकांना त्याच्यात दोन गोष्टींचे साम्य दिसले, म्हणून त्यांनी दोन नावे जोडली, एवढेच. नाव जोडलेले असले म्हणजे जन्म जोडलेला असतो असे नाही. आंबट-गोड पदार्थालाही फारसीत दोन शब्द जोडून नाव देतात, हेही तो सांगतो.

जाहिझला मराठी माहीत नव्हती. नाहीतर त्याला आणखी एक गंमत सापडली असती. फारसी 'मुर्ग' म्हणजे पक्षी. मराठीत येता येता त्या मुर्गाचा 'मृग' झाला आणि मराठी माणूस एका पक्ष्याला 'शहामृग' म्हणू लागला. नावात हरीण, अंगावर पिसे! पण शहामृगाच्या वंशात हरीण होते असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. शब्दाच्या बाबतीत आपल्याला हे चटकन कळते. दगडाच्या आणि माणसाच्या बाबतीत मात्र आपण अडखळतो.

आता दुसरा प्रश्न, हा प्राणी कोणाचा? सिंह आणि हत्ती यांची झुंज दख्खनच्या देवळांत फार जुनी आहे. सिंहासारखे अंग असलेले व्याल मंदिरांच्या खांबांवर सुलतानांच्या आधीपासून आहेत. दुसऱ्या बाजूने फारसीत 'शेर-ए-शर्जा' आहे. शर्जा म्हणजे उग्र, चवताळलेला. बीदरच्या किल्ल्याला शर्जा दरवाजा आहे, 1503 चा, त्यावर दोन वाघ कोरलेले आहेत. विजापूरला शर्जा बुरूज आहे आणि त्यावर मुलुख-ए-मैदान तोफ ठेवलेली आहे. ही तोफ 1549 मध्ये अहमदनगरला निजामशाहीत ओतली गेली. ओतणारा उस्ताद रूमी, म्हणजे तुर्की मुलखाकडचा. 1632 मध्ये ती परांड्याहून विजापुरात आली. तिचे तोंड म्हणजे जबडा उघडलेले सिंहासारखे जनावर आहे, आणि त्या जबड्यात काय चिरडलेले आहे? हत्ती. परमुलखातून आलेल्या ओतकाराने तोफ घडवली आणि तिच्या तोंडावर दख्खनचेच चित्र बसवले.

'शर्जा' हा शब्द पुढे मराठीत 'सर्जा' होऊन राहिला. भूषण कवीने शिवाजी महाराजांना 'सरजा' म्हटले. बेंदराला आमच्याकडे ज्या बैलजोडीची शिंगे रंगवतात, तिचे नाव सर्जा-राजा. दावणीला बांधलेल्या बैलाच्या नावात फारसी सिंह बसलेला आहे आणि शेतकऱ्याला त्याचे काही वावगे वाटत नाही. वाटायचे कारणही नाही.

मागच्या वर्षी सहलीनंतर वर्गात मुले मोबाइलवरचे फोटो मला दाखवत होती. त्यात किल्ल्याच्या दरवाजावरचा असाच एक सिंह होता. एका मुलाने विचारले, "सर, हा आपला की त्यांचा?" मी विचारले, "आपला म्हणजे कोणाचा?" तो गप्प झाला. वर्गात दोन्हीकडची मुले होती आणि 'आपला' म्हणताना प्रत्येकाच्या मनात वेगळा माणूस होता. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "अर्धा अर्धा असेल, सर." वर्ग हसला. तिचे उत्तर समजूतदारपणाचे होते. आपण मोठी माणसेही हेच उत्तर देतो. भाषणात त्याला 'गंगाजमनी' म्हणतो, 'संगम' म्हणतो.

पण मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. अर्धा अर्धा म्हणणे म्हणजे जिराफाला अर्धा उंट आणि अर्धा बिबट्या म्हणणे. त्यात एक गृहीत लपलेले असते की मुळात दोन शुद्ध गोष्टी होत्या आणि ही त्यांची भेसळ आहे. भेसळ म्हटली की ती निवडून वेगळी करता येते असेही कोणाला तरी वाटते. दरवाजावरचा शरभ भेसळ नाही. किल्ल्याचा दरवाजा ही त्याची राहण्याची जागा आहे. त्या जागेची गरज होती ती येणाऱ्याच्या छातीत धडकी भरवण्याची, आणि त्या काळात युद्धातले सर्वांत मोठे बळ होते हत्ती. त्या गरजेतून तो घडला. निजामशहा, आदिलशहा, सिद्दी आणि छत्रपती या सगळ्यांची गरज एकच होती, कारण सगळे एकाच डोंगर-समुद्रात, एकाच प्रकारच्या लढाईत जगत होते. जसे माळ तसा माळढोक. जिराफ जसा फक्त जिराफ आहे, तसा हा प्राणी दख्खनच्या दरवाजाचा आहे.

यात माझा स्वार्थही आहे, तो लपवत नाही. आमच्या घरात दखनी बोलतात. उत्तरेकडच्या उर्दूवाल्यांनी तिला बिघडलेली उर्दू म्हटले, आणि इकडे लोक तिला मोडकी हिंदी समजतात. 'ना धड उर्दू, ना धड मराठी' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. पण दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने 'किताब-ए-नौरस' याच दखनीत रचली, नुसरतीने 'अलीनामा' याच भाषेत लिहिला. दखनीत 'नक्को' आहे, तो मराठी 'नको'शी जुळतो. जोर द्यायला लावतात तो 'च' मराठीसारखा आहे. तिच्यात साम्ये पुष्कळ सापडतील. पण ती कोणाची बिघडलेली प्रत नाही, आणि वांझ तर मुळीच नाही. चारशे वर्षांहून जास्त काळ ती पिढ्या वाढवते आहे.

कुरुंदवाडबद्दलही असेच होते. गणेशोत्सवात मशिदीत गणपती बसवणारे गाव म्हणून आमचे नाव वर्तमानपत्रांत येते. बाहेरून लोक येतात, फोटो काढतात, 'दोन धर्मांचा अनोखा मेळ' अशी बातमी होते. बातमी चांगल्या मनाने केलेली असते. पण गावातल्या माणसाला विचारा, तो म्हणेल, "आमच्याकडे असंच असतंय." त्याला त्यात दोन तुकडे दिसत नाहीत. बाहेरच्याला साम्ये दिसतात, म्हणून तो दोन नावे जोडतो. जाहिझने सांगितले ते हेच.

आजकाल किल्ल्यांवर जाणारी तरुण मुले वाढली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण कोणते चिन्ह कोणाचे, कोणाचे खरे आणि कोणाचे उपरे यावरून मोबाइलवर होणारी भांडणेही वाढली आहेत. त्यांना माझे एक मागणे आहे. शरभ दिसला की आधी नीट बघा. हत्ती किती आहेत ते मोजा. शेपटी कुठे वळते, पंख आहेत का, सिंहाच्या पायांची जाडी पाथरवटाने कशी सांभाळली ते पाहा. मग दुसऱ्या सत्तेच्या किल्ल्यावर जा आणि तिथला शरभ तसाच बघा. दोन्ही चित्रे शेजारी ठेवा. भांडायचे असेल तर त्यानंतर भांडा.

आमच्या वर्गाने त्या दिवसानंतर एक वही सुरू केली. घरात वापरला जाणारा, पण कुठल्याच पाठ्यपुस्तकात न सापडणारा शब्द जो कोणी आणेल, तो त्याने तिच्यात लिहायचा. पहिल्याच आठवड्यात सात पाने भरली. वहीत तीन रकाने आहेत: शब्द, अर्थ, आणि घरात कोण बोलतो. 'कोणत्या भाषेचा' हा चौथा रकाना घालू का, असे एकाने विचारले होते. मुलांनी आपसांत बराच वेळ चर्चा केली. शेवटी ठरले की आधी वही भरू दे, मग बघू.